भेगेवरचा कागद

तुम्हाला सांगतो, रहीम मिस्त्रीने थापीच्या मुठीने आमच्या नव्या फरशीवर ठोकलं तेव्हा 'ढब्' असा पोकळ आवाज आला. इतकी वर्षं झाली, तो अजून कानात आहे. पोरीच्या लग्नासाठी तिवसा गावातलं घर नवं करायला काढलं होतं. पुढची खोली झाली आणि कापसाने दगा दिला. मागची खोली मातीचीच राहिली. दोन्हींच्या मधल्या भिंतीला भेग पडली.

मिस्त्रीने भेगेवर कणकेच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली. बायकोला म्हणाला, "भाभी, आठ दिवसांनी येतो. कागद फाटला तं समजा, पाया हालून राहिला. मंग इथं मांडव नाही. पाव्हण्यांच्या डोक्यावर भिंत येईन."

आठ दिवसांनी तो आला. कागद शाबूत.

"पाहा," बायको म्हणाली, "मी म्हणत नव्हती का?"

मिस्त्रीने कागदावरून बोट फिरवलं. "भाभी, खळ ओली कावून हाय?"

ती खाली पाहू लागली. "सकाळी फाटलेला दिसला. पोरीले काय सांगू? म्हणून वरून दुसरा लावला."

मिस्त्रीने तो हलकेच सोलला. खाली फाटलेला कागद निघाला. त्याच्याही खाली आणखी एक, तोही फाटलेला.

"हा खालचा माझा," तो म्हणाला. "मंग मधातला कोणाचा?"

मी छताकडे पाहू लागलो. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, उरलेल्या खळीची वाटी माझ्या हातात ठेवली आणि मांडवासाठी शेजारणीचं अंगण मागायला निघून गेली.