नलूच्या लग्नातला ध्रुव

इज्ञान? मले इज्ञान सांगते तो घड्याळवाला प्रभाकरराव! ‘नत्थूजी, रागावू नका, हे इज्ञान हाय!’ अबे, इज्ञान असन त तुह्या सेलूच्या दुकानात ठेव, माह्या पोरीच्या मांडवात कायले आनलं? आता गोठ्यामांगं जाऊन तोंड लपवून बसला बेटा... तुमाले सांगतो मंडळी, तुमी जेवा, पुऱ्या गरम हायत, पन जेवता जेवता आयका, कारन तिकडे अंगनात माही नलू पाटावर बसली हाय, लग्न लागलं, सप्तपदी झाली, वऱ्हाडाचा ट्रक भोंगा वाजवून राह्यला, अन् पोरगी एक शब्द बोलाले तयार नाई. एक शब्द! ‘दिसला’ म्हन अन् मोकळी हो!

आता आपल्यात काय असते? अंधार पडला का भटजी नवरीले अंगनात आनते, उत्तरेकडे बोट दाखवते, ‘ध्रुव पाह्य बाई, त्याच्यावानी संसारात अढळ राह्यजो’, अन् नवरी म्हनते, ‘दिसला.’ खतम! कोणाले दिसते काय खरंच? आमच्या लग्नात त आभाळ भरून आलतं. याच बापूजी महाराजानं बोट दाखवलं ते गोठ्याच्या छपराकडे, तिथं कवेलूवर मांजर बसलं होतं. आमच्या आनंदाबाईनं वर पाह्यलं, म्हने, ‘दिसला.’ तेवढ्यावर चालला ना माहा संसार! मांजरावर चालला! काय अडलं?

पन आमचे जवाई! हिंगणीचा हरिदास. पोरगा लाखात एक, धरनाखालची जमीन, सुपारीच्या खांडाचं बी येसन नाई... मी खुश! मले काय मालूम, याले आभाळाचं येसन हाय! बजाराच्या दिवशी सेलूले जाते अन् त्या प्रभाकररावाच्या दुकानात बसते. घड्याळं दुरुस्त करते प्रभाकरराव. म्हंजे करत नाई, त्याच्या पाटीवर तसं लिवलं हाय. पाच-सहा जनाइनं मिळून मंडळ काढलं, नळाच्या पाइपाले भिंगं बसवून दुर्बीन केली, अन् दिवसभर भांडतेत काय, त उजेड किती जोरानं धावते! अरे, धावू द्या ना त्याले, तुमच्या बापाचं काय जाते? माहं घड्याळ त्याच्याकडे दिवाळीपासून पडलं हाय. मांगाले गेलो त म्हनते, ‘नत्थूजी, लय जोरानं धावलं का घड्याळ हळू चालते, असा सिद्धांत हाय.’ म्या म्हनलं, ‘लेका, माहं त तुह्या टेबलावर पडून बंद हाय, ते कोठं धावून राह्यलं?’

त आज काय झालं... बापूजी महाराजानं बोट वर केलं, नलूनं मान वर केली, तोंड उघडलं, ‘दि—’ इतकं निंगालं बी होतं, अन् मांगून हा प्रभाकरराव, ‘एक मिनिट, वहिनी! तुमी पाहून राह्यल्या तो आताचा ध्रुव नाई! हा उजेड तिथून निंगाला तवा नागपुरात भोसल्याचं राज्य बी नव्हतं. चारशे वर्षं रस्त्यात होता!’ लगेच मंडळातला दुसरा उठला, ‘चारशे नाई, सातशे!’ झाली ना सुरू कचकच! अन् माही नलू, मॅट्रिक झाली ना, शिकवाले नाई पाह्यजे होती पोट्टी, शांतपनानं इचारते, ‘मंग आता तो तिथं हाय का नाई?’

प्रभाकरराव डोकं खाजवते. ‘असन. बहुतेक असन. पन आज सांगता येत नाई.’

बहुतेक! लग्नात! अबे, ‘दिसला’ म्हन अन् मोकळी हो! पन नलू म्हने, ‘महाराज, मले उजेड दिसला. ध्रुवाचं मले मालूम नाई.’ महाराज भडकले, ‘उजेडावर संसार होत नाई, बाई! लवकर बोल, मुहूर्त चालला!’ तर प्रभाकरराव म्हनते, ‘कोणाचा मुहूर्त? इथलं आता अन् ध्रुवावरचं आता एक नसते, महाराज!’ घ्या! आजपर्यंत मुहूर्त पंचांगात पाहत होतो, आता ध्रुवावर मानूस पाठवून इचाराचा काय, का बावा तुमच्याकडे आता झालं का नाई?

मले वाटलं, जवाई तरी आवरन. जवाई मुंडावळ्या मांगं सारून म्हनतेत, ‘पन प्रभाकरराव, उजेडावर बसून गेलं त रस्त्यात येळच लागत नाई ना?’ प्रभाकरराव म्हनते, ‘उजेडावर बसताच येत नाई! कितीदा सांगू?’ ‘बसलं असं समजा!’ ‘समजू कसं?’ माहं टाळकं सरकलं! म्या म्हनलं, ‘लेकहो, तुमाले पाटावर धड बसता येत नाई, अन् उजेडावर कायले बसता?’

हे सारं आमच्या ईनबाई आयकत होत्या. जवायाची माय, सुमित्राबाई. पदर खोचून उठल्या. ‘नत्थूजी, ध्रुवाचा शब्द दिल्याबिगर मी सुनेले ट्रकात चढवत नाई. आमच्यात हे चालत नाई.’ अन् सांगितलं डायवरले, ‘थांब जरा. नवरी येते का पाहू, नाई त तसंच जाऊ.’ तसंच! आयकलं तुमी? लागलेलं लग्न, अन् पोरगी माह्या घरी! कायच्यापाई, त एका चांदनीपाई!

मी नलूजवळ गेलो. दात खाऊन म्हनलं, ‘पोट्टे, “दिसला” म्हन अन् मोकळी हो!’ म्हनते, ‘बाबा, सासरी जाताना पह्यला शब्द, तोच खोटा बोलू?’ म्या म्हनलं, ‘तुही माय मांजर पाहून बोलली!’ त हासली. मंग म्हनते, ‘बाबा, रूपरावकाका त्या धुऱ्यावर, वावराच्या पल्याडच्या बांधावर, बाभूळ तोडते, तवा तुमी इकून पाह्यता ना? ठक् आवाज येते तवा कुऱ्हाड कोठं असते?’

म्या म्हनलं, ‘वर गेली असते.’

‘हो ना? आवाज येते तवा कुऱ्हाड तिथं नसते. तसंच हे बी हाय, बाबा. फक्त धुरा लय दूर हाय.’

अन् तुमाले सांगतो... मले समजलं! तेच वाईट झालं! त्या घड्याळवाल्यानं घंटाभर डोकं खाल्लं तवा काई समजलं नाई, अन् पोरीनं एक कुऱ्हाड मारली त सारं आत गेलं. आता निंगत नाई! वर पाह्यतो त गोठ्याच्या छपरावर ती चांदनी चमकून राह्यली, अन् माह्या कानात ठक् ठक्...

मंग पोरगी माहा हात धरते. म्हनते, ‘बाबा, तुमी सांगा. तुमी “हाय” म्हनलं, त मी “दिसला” म्हनीन. तुमचा शब्द मले पुरते.’

बोला आता! मी नत्थूजी, या आंजीत माह्यासमोर सरपंच आवाज काढत नाई, बैलाच्या बजारात गाभन नसलेली गाय गाभन म्हून खपवलेला मानूस, अन् माह्या तोंडातून ‘हाय’ निंगेना! दोनदा तोंड उघडलं. निंगेना! ती डोळ्यात पाहून राह्यली ना माह्या... तसाच उठलो, अन् इकडे पंगतीत आलो.

तिकडे भोंगा वाजून राह्यला. ईनबाई ट्रकाच्या फळीवर एक पाय ठेवून उभ्या हायत. तुमी इतके जन बसले, ज्यानं त्यानं आपल्या बायकोले ध्रुव दाखवला, कोणाले पक्कं मालूम हाय का, तो हाय म्हून?...

नाई? कोणालेच नाई?

अन् बुंदी मातर पक्की मालूम हाय सगळ्याइले! ठेवा ती खाली. हात धुवा, अंगनात जा, अन् माह्या पोरीले सांगा, ध्रुव हाय.