बुटांच्या खोक्यातली हत्यारं

हॅलो?… हां नीला, बोल… अगं आईच बोलतेय, माझा फोन दुसरं कोण उचलणार?… कसला आवाज? तो हातगाडीवाला आहे, "हटो हटो" करतोय… नाही, टीव्ही नाही लावलेला, खराखुरा हातगाडीवाला… घरी नाहीये मी.

बँकेत… म्हणजे बँकेत नाही. बरं बाई, चावडी बाजारात आहे.

ओरडू नकोस! गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन… मेट्रोनेच आले. राजीव चौकला बदलली, पुढे दोन स्टेशनं. आणि इथला तो सरकता जिना, बाप रे, पाताळातून वर काढतो माणसाला… एकटीच. आता कोण येणार माझ्याबरोबर?

…एक मिनट भैया, बेटी का फोन है। आप निकालिए तब तक…

नाही, तुला नाही म्हणाले, दुकानदाराला. कसलं दुकान म्हणजे… तुला सांगायचंच नव्हतं गं! वाढदिवसाला हातात ठेवणार होते. पण तू कसली सोडतेस, आणि खरं सांगायचं तर मला यातलं ओ की ठो कळत नाहीये. हा मला दातांची डॉक्टरीण समजलाय. मघाशी विचारलं, "मॅडम, क्लिनिक कहाँ है?"

हत्यारं घेतेय. बाहुल्यांची… तुझ्या त्या सांध्यांच्या बाहुल्या नाहीत का? कोपरात गोळा, गुडघ्यात गोळा, मान वळते, हात वाकतो… हो, त्याच.

कोणी सांगायला कशाला हवं? मला डोळे आहेत ना? मागच्या रविवारी आले होते की तुझ्याकडे गुडगावला. कपडे टाकायला बाल्कनीत गेले तर वॉशिंग मशीनवर पेपर पसरलेला, त्यावर दोन पाय, एक धड आणि एक मुंडकं वाळत ठेवलेलं. दचकलेच आधी! आणि तू धावत येऊन त्यावर टॉवेल टाकलास… टाकलास, टाकलास, मी पाहिलं. छत्तीस वर्षांची बाई, आईपासून माती लपवतेस.

हसले नाही गं. मेट्रोत बसले आणि नोएडा येईपर्यंत डोळे पुसत होते. समोरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, इतकं.

ते जाऊ दे, ऐक ना. पेपरवर काय पडलं होतं, सांगू? लोणी लावायची सुरी आणि भुवयांचा चिमटा. त्याने खरवडतेस? म्हटलं, पोरीकडे निदान हत्यारं तरी धड असू देत… हो, हो, आता आलेच आहे तर बोल, काय काय घेऊ?

सेट नको? अगं बारा नग आहेत, छान पाकीट आहे, चेनवालं… पाकीट बघून घ्यायचं नसतं? बरं. प्लास्टिकचं काहीच नको. मग?… गोळ्याच्या टोकाची सळई. तीन मापांची… अच्छा, सांध्याची वाटी दाबायला, म्हणजे गोळा आत नीट बसतो. भैया, वो गोल मुंडी वाली दिखाइए, छोटी, बीच की, बड़ी… हां, आहे. स्टीलची आहे.

हातात धरून बघू? हे बघ, धरली… जड आहे थोडी. जड नको? चार चार तास धरायची असते… बिल्कुल, मग मनगट जाणारच. भैया, इससे हल्की? लकडी के हैंडल वाली?… ही बरी आहे. ही हातात असल्यासारखी वाटतसुद्धा नाही.

पुढे. तारेचं कडं, माती तासायला. घेतलं. सुई… सुई म्हणजे ही लांब, मुठीची. पापण्या, नखं कोरायला. घेतली. सँडपेपर तुझा तू घेशील? बरं. आणि वाटी आतून खरवडायला?… वाकड्या पात्याची सुरी. छोटी. थांब, विचारते. भैया, टेढ़ी वाली छुरी है, छोटी?… अंदर देखिए, देखिए… गेला बघ आत.

पण काही म्हण नीला, तुझ्या त्या छत्रीच्या काडीची सर नाही हं याला.

आठवत कसं नाही? जिन्याच्या पायरीवर घासून घासून चपटी केली होतीस. पेन्सिलीतलं शिसं काढून त्यात साडीच्या फॉलची सुई बसवलीस. माझी चांगली सुई! टूथब्रशचा दांडा मेणबत्तीवर वाकवलास. आणि सांध्यांसाठी गोट्या. गोट्यांवर माती थापायचीस. सगळ्या मुठींना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तुझ्या बोटांच्या मापाने. माझ्या हातात कधी नीट बसलीच नाहीत ती… बुटांच्या खोक्यात ठेवायचीस. पाच नंबरचं, तपकिरी खोकं.

सगळं आठवतं, बाई. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

काय म्हणालीस?… नाही, विसरणार नाही मेट्रोत. पिशवी गळ्यात अडकवून…

बाबांसारखी? बाबांनी खोकं हरवलं, तशी पिशवी हरवू नको?

…

काही नाही. ऐकते आहे. थट्टेत म्हणालीस, कळलं मला… नीला, असं नको म्हणूस. बाबांसारखी, असं नको म्हणूस गं.

नाही, चक्कर नाही आली. स्टूल दिलंय त्याने, बसलेय. पाणी पण आहे… तू बसली आहेस का कुठे? बस. ऑफिसचं राहू दे पाच मिनिटं.

आपण आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं ना, बाबा रिटायर झाले तेव्हा. सामान नोएडाच्या दोन खोल्यांत मावायचं नव्हतं. मी दोन ढीग केले होते, एक टेंपोचा, एक कबाड्याला भंगारात द्यायचा… हो, तू बारावीच्या प्री-बोर्डच्या पेपरला गेली होतीस. तेच सांगतेय. ते खोकं टेंपोतून पडलं नाही. बाबांनी मागच्या फळीजवळ ठेवलं नव्हतं. टेंपोत ते चढलंच नाही. मी कबाड्याला दिलं. रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून, माझ्या हाताने.

…

चुकून नाही. चुकून म्हणाले असते तर सोपं होतं. जाणूनबुजून दिलं.

केमिस्ट्रीत पस्तीस मार्क आले होते तुला. मला वाटलं, ही माती पोरीचं वर्ष खाणार. आणि दुसरंही एक होतं, तेही ऐक. तुझा डावा हात. लहानपणी रुमालाने बांधून ठेवायचे मी तो, जेवताना. हळदीकुंकू डाव्या हाताने लावलंस म्हणून चारचौघींत रागावले होते. अक्षर उजव्याने गिरवून घेतलं. सगळं ऐकलंस तू. पण मातीला बसलीस की डावा पुढे! सरसर चालायचा, आणि चेहरा असा शांत व्हायचा तुझा. मला वाटायचं, मला खिजवतेस. सतरा वर्षांच्या पोरीशी हट्ट करत होते मी, दुसरं काय.

तू घरी आल्यावर शोधाशोध केलीस, किंचाळलीस. माझ्या तोंडून गेलं, "बाबांनी मागे ठेवलं होतं, पडलं असेल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि म्हणाले, "हो, माझंच चुकलं."

हो. त्यांना माहीत होतं. कबाड्याला जिन्यापर्यंत सोडायला तेच गेले होते, त्यांनी रद्दीवर खोकं पाहिलं होतं. त्यांना वाटलं, तुला विचारूनच दिलंय.

थांब, पुरतं सांगू दे. आज नाही सांगितलं तर परत धीर नाही व्हायचा. दुसऱ्या दिवशी "पेन्शनचं काम आहे" म्हणून गेले ना? पेन्शन कसली. आर. के. पुरमच्या एकेका कबाड्याकडे हिंडत होते. दोन दिवस. थंडीने काकडून आले. तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस तेव्हा. ते टेबलाशी आले की ताट घेऊन आत जायचीस… रिझल्ट लागेपर्यंत, हो. त्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. त्या वेळी नाही, पुढे कधीच नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं गं, भांडून मोकळी झाले असते. आणि मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकूनच ठेवली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी झाकूनच.

आता काय… आता तू त्यांची माफी मागायची म्हटलंस तरी कुठे मागणार. ती वाट मीच बंद केली.

रडू नकोस… रड. रड, मी कोण सांगणारी.

…हाँ भैया? मिल गई?… क्या? राइट हैंड या लेफ्ट हैंड?

नीला, तो विचारतोय… त्या वाकड्या सुरीचं. धार एकाच बाजूला असते म्हणे, डावखुऱ्याची वेगळी येते. दोन्ही समोर ठेवल्यात त्याने.

काय सांगू त्याला?… रविवारी तू मला उजव्या हाताने वाढलंस. सही उजव्याने करतेस, भाजी उजव्याने चिरतेस. मातीला कुठला हात लावतेस, मला माहीत नाही. आई असून माहीत नाही गं मला.

नीला?… बोल काहीतरी. शिव्या दे. महिनाभर बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, हक्क आहे तुझा. फक्त एवढं सांग आणि मग ठेव फोन… आहेस ना?… नीला?

…

डाव्या?

हॅलो?… हॅलो, नीला?…

ठेवला.

…भैया, लेफ्ट वाली दे दीजिए… हाँ जी, पक्का। मेरी बेटी लेफ्टी है।