डेंझिलचा पंप कुठे होता

हॅलो?… हो, एल्वुडच बोलतोय. मार्टा गेल्यापासून या घरात दुसरं कोण आहे, हर्शेल?… बोल.

नेव्हाचं पत्र? हो, आलं होतं. अकरा महिने झाले… नाही, उत्तर नाही दिलं. पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. एक पुस्तक संपलं की दुसऱ्यात… हस, हस.

एकच विचारलंय तिनं. तपासणीच्या त्या पाळीत धूळ मोजायचा पंप डेंझिलच्या अंगावर होता का?… अरे, नवरा गेला तिचा! छातीत कोळसा भरून गेला. आणि कंपनी कागद नाचवते, खाणीत धूळच नव्हती म्हणून!

…हो, धूळ-मोजणीच्या कार्डावर सही माझी. पण पंप जेवणाच्या डब्यात ठेवा, हे कुणी सांगितलं? मुकादम कोण होतं, मी?… ओरडू नकोस. खरी धूळ मोजली तर खाण बंद पडेल म्हणालास, आम्ही ऐकलं. डेंझिल तर हसायचा. म्हणायचा, बघा, माझ्या मक्याच्या पावाला कध्धी दम लागत नाही…

थांब… खोकला… हं. तुझाही ऐकू येतोय. दवाखान्यातल्या बायकांकडून छातीचा फोटो काढून घे… बरं बाबा, त्या भांडखोर तर भांडखोर.

भित्रा? आहेच मी. पुस्तकी किडा? तेही खरं. सोमवारी नेव्हाच्या भरपाईच्या सुनावणीत माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हेही बरोबर…

कसला झेंडा?… माझ्या टपालपेटीचा? वर आहे? न्यायचं पत्र असलं की वर करतात, ठाऊक आहे रे; पण हा वाऱ्यानं झाला असेल… हर्शेल, बूट कशाला घालतोयस? पेटी तुझ्या फाटकापाशी असली तरी पत्र माझं आहे!… नाही, फोन ठेवू नकोस. ऐक. तुझ्या बहिणीनं जाताना तुझं नाव घेतलं होतं… हो, मार्टानं. आजवर सांगायचा धीर झाला नाही… सांगतो ना. थांब, धाप लागलीय… म्हणाली… जरा पाणी पितो…

आहेस ना?… म्हणाली, हर्शेलला… हर्शेल, बाहेर बघ. टपालवाली आली. मलाही वरून दिसतेय… घेतलं तिनं. झेंडा खाली केला… गाडी वळली.

गेलं.

…शिव्या दे, ऐकतोय… काय लिहिलंय? “अंगावर नव्हता. डब्यात होता. खोटी सही माझी, हुकूम हर्शेलचा.” एवढंच.

आणि मार्टा म्हणाली होती, हर्शेलला भिणं सोड.

ठेवतो.