चावीसकट

काकू : हळू बोल रे. ते येतीलच इतक्यात. अकराच्या बसने येतो म्हणालेत.

मेकॅनिक : माझ्याच गॅरेजात मी हळू बोलू? बरं, काकांनी आणलंय तरी काय?

काकू : इंजिनचा कॉम्प्युटर, तुझा तो ईसीयू. भंगारवाल्याकडून. फोनवर आवाज असा, की लॉटरीच लागलीय.

मेकॅनिक : मग घाबरताय कशाला? दुसऱ्या गाडीचा ईसीयू आपल्या गाडीला चालत नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलंय. तो फक्त स्वतःचीच चावी ओळखतो. परक्या चावीने गाडी सुरू होते न होते, की बंद.

काकू : चावीसकट आणलाय. आणि चावी ओळखणारी ती छोटी डबीसुद्धा.

मेकॅनिक : मेलो!

काकू : तूच शिकवलंस ना त्यांना हे सगळं?

मेकॅनिक : अहो, टाळायला सांगत होतो! तुम्हीच म्हणालात, काहीतरी अवघड कारण दे. तुमच्या गाडीचा चांगला चालणारा ईसीयू काढून त्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय मी. चार महिने झाले. स्क्रू शोधायला गेलो की हात लागतो त्याला, आणि कसंसंच होतं.

काकू : मला काय शांत झोप लागते? पण डोळ्यांचा विषय काढला की ते घर डोक्यावर घेतात. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं, तर यांनी डॉक्टरच बदलला.

मेकॅनिक : मग आता काय सांगू?

काकू : नंबर जुळत नाही म्हण.

मेकॅनिक : आणि जुळला तर?

(काका आत येतात. छातीशी धरलेली कापडी पिशवी.)

काका : अरे, ही आधीच हजर! तुला घरी थांब म्हटलं होतं ना?

काकू : एकटे कसे आलात? रस्ता कसा ओलांडलात?

काका : लोक ओलांडतात तसा. एका मुलीने हात धरला, मीही धरू दिला. घे रे, सांभाळून. मागच्या लेबलावरचा नंबर बघ. तू लिहून दिलेला कागद भिंगाखाली धरून पाठ केला होता मी. दुकानदाराकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. सहावं दुकान हे. बाकीच्या पाचांकडे शेवटचे आकडे वेगळे.

मेकॅनिक : सहा दुकानं फिरलात, काका?

काका : तीन आठवडे. हिला वाटायचं, मी बागेत जातो. काय रे, जुळतोय का?

मेकॅनिक : जुळतोय, काका. नंबर जुळतोय.

काका : मग बसव की!

काकू : एवढी कसली घाई आहे हो?

काका : अगं, चार महिने तू तुझ्या ताईकडे गेली नाहीस. दर रविवारी नेत होतो तुला. तिला अंथरुणातून उठवत नाही, तुला दोन बस बदलणं जमत नाही. आणि हे सगळं माझ्यामुळे.

काकू : तुमच्यामुळे कसं?

काका : सांगतो, पण रागावू नकोस. गाडी इथे सर्व्हिसिंगला सोडली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी बॉनेट उघडून पाइपने इंजिन धुतलं होतं. नव्यासारखं दिसावं म्हणून. पाणी शिरलं असणार कॉम्प्युटरमध्ये. तेव्हापासून तुझ्याशी धड मान वर करून बोललो नाही. तू विचारायचीस काय झालंय, मी म्हणायचो पोट बरं नाही.

मेकॅनिक : काका, पाणी नव्हतं शिरलं.

काकू : तू थांब. मी सांगते. अहो, काहीच बिघडलं नव्हतं. आपला कॉम्प्युटर त्या ड्रॉवरमध्ये आहे. चांगला आहे. मीच काढायला लावला.

मेकॅनिक : काका, बसा. हे स्टूल घ्या.

काका : नको. मी त्या भंगारवाल्यापुढे हात जोडले गं.

काकू : चुकलं माझं.

काका : भांडायचं होतंस. अबोला धरायचा होतास. पडद्याच्या रंगावरून आठवडाभर भांडतेस, आणि इथे गप्प?

काकू : भांडले असते, तर ते सांगावं लागलं असतं.

काका : काय ते?

काकू : ताईकडून परत येताना वळणावर मी किंचाळले होते. आठवतं?

काका : झुरळ होतं तुझ्या पायावर. घरी येईपर्यंत हसत होतो मी.

काकू : झुरळ नव्हतं. बाई होती रस्त्यात. कडेवर मूल. तिनेच मागे उडी मारली, म्हणून वाचली. तुम्ही ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता.

काका : मला तर तिथे कुणीच...

काकू : नाही दिसलं. कळलं मला ते. पण तुम्ही इतके हसत होतात, की मला सांगवेना. नंतरही सांगवेना.

काका : मूल केवढं होतं?

काकू : चालायला लागलं नसेल अजून.

मेकॅनिक : काका... हा ईसीयू मी परत करून येऊ का?

काका : राहू दे तुझ्याकडे. ज्याची गाडी खरंच बंद पडली असेल, त्याला बसव. आमचा आहे तिथेच, ड्रॉवरमध्ये असू दे.