पारभासी काच

स्ताव्रूला : नाही ग्लेनिस, चहा नको. दारातच सांग, हो की नाही.

ग्लेनिस : हा कौन्सिलचा नियम आहे, स्ताव्रूला. मी केलेला नाही.

स्ताव्रूला : आणि तक्रार कुणी केली होती? आम्ही वरचा मजला चढवला तशी तू धावत गेलीस. म्हणे, यांच्या खिडकीतून माझं अंगण दिसतं! अगं, आम्ही मागची अर्धी जमीन विकली म्हणून तर तुझं घर उभं राहिलं.

ग्लेनिस : विकत घेतलीय मी. दान नाही दिलीत.

स्ताव्रूला : नसेल दिली. मग हुकूम आला, खिडकीची काच पारभासी हवी. थनासिसला शब्दच कळेना. शेवटी नातीनं आजोबाला समजावलं, पप्पू, उजेड आत येतो, पण पलीकडे काय आहे ते ओळखू येत नाही. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात सगळंच पारभासी. माझं सूप पातळ झालं की पारभासी. डॉक्टर काय बोलला, तर पारभासी बोलला.

ग्लेनिस : अजून थट्टा करतात ते?

स्ताव्रूला : करायचा. अर्धं अंग गेल्यापासून पलंग आणि ती खिडकी, एवढंच उरलंय. जिना उतरवता येत नाही. नर्स म्हणते, फार तर आठवडा. तुझ्या अंगणात गेलेलं त्याचं अंजिराचं झाड बघायचंय गं त्याला एकदा. मायदेशातल्या बेटावरून कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली काडी ती. तू नुसतं हो म्हण. काचवाला उद्या साधी काच बसवून देतो.

ग्लेनिस : नाही जमणार मला.

स्ताव्रूला : का?

ग्लेनिस : माझं खासगी अंगण आहे.

स्ताव्रूला : माणूस मरायला टेकलाय आणि हिचं खासगी! तुझे वाळत घातलेले गाऊन बघायला जगतोय का तो?

ग्लेनिस : आत्ता काय दिसतं त्यांना? त्या काचेतून?

स्ताव्रूला : हिरवं. ऊन आलं की काचेवर नुसतं हिरवं पसरतं. मला हाका मारतो, ये, बघ, पानं कशी भरलीत. त्याच्या डोक्यात कायम फेब्रुवारी, इथला उन्हाळा. अंजीर पिकायचे दिवस.

ग्लेनिस : आणि तुम्ही काय म्हणता?

स्ताव्रूला : हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

ग्लेनिस : जुलै चालू आहे, स्ताव्रूला. इथला ऐन हिवाळा.

स्ताव्रूला : मला महिने शिकवू नकोस.

ग्लेनिस : जुलैत अंजिराला...

स्ताव्रूला : एक पान नसतं. ठाऊक आहे. शेतकऱ्याची पोर आहे मी. इतके दिवस त्याच्या उशाशी बसून तेच हिरवं बघतेय आणि स्वतःला विचारत नाहीये. आज तुला विचारते. काय आहे गं ते?

ग्लेनिस : या. मागे या.

(दोघी मागच्या अंगणात येतात.)

स्ताव्रूला : हिरवी ताडपत्री.

ग्लेनिस : झाड तोडलं. उरलेलं नुसतं खोड बघवेना, म्हणून वर ताणली. मुळं गटाराच्या पाइपात शिरली होती. न्हाणीघरात घाण पाणी यायला लागलं. झाड तोडल्यावर मी तुम्हाला सांगायला आले होते, खरंच आले होते. तर दारात अँब्युलन्स. थनासिसना बाहेर काढत होते. कुठल्या तोंडानं सांगणार? मग रोज वाटायचं, उद्या सांगू.

स्ताव्रूला : एक काडी तरी ठेवायचीस. हिवाळ्यात अंजिराची काडी कुठेही रुजते. एवढीशी, बोटाएवढी.

ग्लेनिस : मशीनमध्ये घातलं त्यांनी सगळं. भुसा करून घेऊन गेले.

स्ताव्रूला : देवाची आई! भुसा...

ग्लेनिस : मी वर येते. माफी मागते त्यांची.

स्ताव्रूला : खबरदार पाऊल टाकलंस तर! मरताना हे ऐकायचं त्यानं?

ग्लेनिस : मग काय सांगाल त्यांना?

स्ताव्रूला : सांगेन, ग्लेनिस नाही म्हणाली. ती बाई मुळातच दुष्ट आहे.

ग्लेनिस : सांगा.

स्ताव्रूला : शिव्या घालेल तुला.

ग्लेनिस : घालू देत.

स्ताव्रूला : आणि उद्या पुन्हा मला पाठवेल. जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ बसेन, वर जाईन, सांगेन, अजून नाहीच म्हणतेय. तो असेपर्यंत ती ताडपत्री काढू नकोस.

ग्लेनिस : नाही काढणार. आणि नंतर... तुम्हाला हवी असेल तर बसवून घ्या साधी काच. माझी हरकत नाही आता.

स्ताव्रूला : नको. आहे तीच राहू दे.