ठसका लागला नाही

हट्ट तुमचा होता, बायांनो. नाहीतर हे चायनीज मिरचीचं तेल करणं मी सोडूनच देलं होतं. कायले, ते ऐका.

मागच्या वर्षी पोरीनं चायनीज स्वयंपाकाचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, जाडसर कुटलेल्या लाल मिरच्यांवर कडकडीत तेल ओता. मी नाकाले पदर लावून ओतलं. चर्र आवाज झाला, घरभर धूर झाला, पण ठसका नाही. मले नाही, पोरीले नाही. सासूबाई तर साध्या फोडणीनं खोकलतात, त्याही गप्प.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "काय जाळून राहिली वो? खोकलून खोकलून जीव चालला आमचा!"

सासूबाईंचा चेहराच उतरला. "मिरच्या जळल्या अन् घरच्यांले ठसका नाही लागला, म्हणजे या घराले नजर लागली."

आमचे हे गाडी काढून देवरीले निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "आज नको जाऊ रे."

"कायले? पुस्तकातल्या तेलाले भेऊन?" हे हसतच गेले.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. पाय अजून सरळ पडत नाही त्यांचा.

तुम्ही म्हणाल्या, योगायोग असते, आमच्यासमोर करून दाखव. दाखवलं. तेल ओतलं तवापासून आपण पाचही जणी इथंच बसून आहो. एकीले तरी ठसका लागला?

हसू नका. जरा गप्प बसा अन् ऐका, भिंतीपलीकडं शेजारीण कशी खोकलून राहिली ते.