घट बसल्यानंतरच्या पहाटा

(न्हावरे. मंगळवारची दुपार. पडवीत मोनालीचा लहानगा रोहन झोपलेला. मोनाली नोंदींची वही उतरवते आहे. तिची सासू सोजराबाई शेंगा फोडते आहे.)

सोजराबाई : म्हंजी तू पहाटं उठून धूळच बघतीस?

मोनाली : धुळीवरचा उजेड, आत्या. ग्रहांच्या मधे बारीक धूळ आहे. तांबडं फुटायच्या आधी ती पूर्वेला तिरकी उजळते. राशिप्रकाश म्हणतात.

सोजराबाई : वट्यावरची झाडली असतीस तर सर्टिफिकेट मीच दिलं असतं.

मोनाली : हळू, उठेल तो. हे बघा. गेल्या महिन्यात आठ पहाटांच्या नोंदी मिळाल्या, मग चंद्र आडवा आला. आता पुन्हा शुक्रवारपासून पाच. या पाचांत उजेड चांगलाच वाढलाय. माझ्या मार्गदर्शक सरांना एसटीडीवरून कळवलंसुद्धा.

सोजराबाई : शुक्रवारपासनं?

मोनाली : हो.

सोजराबाई : गुरुवारी घट बसलं. मल्हारीनं देवळावर हॅलोजन टांगलाय, कळसाकडं तोंड करून. रातभर जळतोय.

मोनाली : ...देऊळ उसाच्या पलीकडं. मला दिवा दिसलाच नाही, नुसती वरची उजळी दिसली.

सोजराबाई : मग ऱ्हाऊ दे की. सरांना पुण्यातनं कुठं दिसतंय देऊळ?

मोनाली : त्यांना दिसत नाही म्हणून तर माझ्यावर सोपवलंय. पाचही नोंदी खोडाव्या लागतील.

सोजराबाई : आठांत भागंल?

मोनाली : दहा लागतात. शुक्रवारी प्रबंध द्यायचा. गेल्या साली बाळंतपणात राहिला, आता विद्यापीठ मुदत देणार नाही. उद्या आणि परवा, दोनच पहाटा उरल्यात.

सोजराबाई : आन् नवरात्र उठल्याबिगर मल्हारी दिवा काढायचा न्हाई.

मोनाली : देवीचा दिवा विझवा, असं कसं म्हणायचं?

सोजराबाई : देवीचा नंदादीप गाभाऱ्यात हाय, तेलाचा. त्यो तेवतोय. हॅलोजन काय देवीनं मागितला न्हवता. पहाटं चार ते पाच बंद ठिवला तर काय बिघडतंय?

मोनाली : मी विचारू मल्हारीमामांना?

सोजराबाई : तुला हसून वाटंला लावंल. मला न्हाई लावायचा.

मोनाली : पण त्यांनी आपल्या शेताचा बांध कोरल्यापासून दोन वर्षं तुम्ही बोलत नाही त्यांच्याशी.

सोजराबाई : व्हय. तू रेघ मारलीस का?

मोनाली : मारली. पाचांवरही.

सोजराबाई : मग पेटीतलं हिरवं लुगडं दे काढून. जुनेरावर जायची न्हाई मी त्याच्या दारात.